नासपतीची जात

आशियाई नासपतीचं शास्त्रीय नाव आहे 'पायरस पायरिफोलिया'. लॅटिनचं शब्दशः मराठी केलं, तर 'नासपतीसारखी पानं असलेली नासपती'. आंब्याला 'आंब्यासारख्या पानांचा आंबा' म्हणावं, तसं. हा विनोद कुणी ठरवून केलेला नाही. निकोलास बुर्मान या डच वनस्पतिशास्त्रज्ञाने १७६८ साली 'फ्लोरा इंडिका' या ग्रंथात ही वनस्पती नोंदवली, तेव्हा ती नासपती आहे हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. त्याने तिला वड-उंबरांच्या पंगतीत बसवलं आणि पानांकडे बघून नाव दिलं 'फायकस पायरिफोलिया', म्हणजे नासपतीच्या पानांचा उंबर. पुढे १९१५ साली आल्फ्रेड रेडरने याच झाडाला 'पायरस सेरोटिना' असं बऱ्यापैकी नाव दिलं. पण वनस्पतींच्या नामकरणात ज्येष्ठतेचा कायदा चालतो. जुनं विशेषण सापडलं की नवं बाद. १९२६ मध्ये ताकेनोशिन नाकाईने बुर्मानचा 'उंबर' नासपतींत आणून बसवला, पण विशेषण कायद्याप्रमाणे जुनंच राहिलं.

या चुकीने कुणाचं काही बिघडलं नाही. आपल्या पेरूलाही पेरू हे नाव पोर्तुगीज 'पेरा'वरून, म्हणजे नासपतीवरूनच मिळालं. म्हणून पेरूची चव बदललेली नाही. नाव ओळखीपुरतं असेल तर ते कितीही वेडंवाकडं चालतं. माझं भांडण रेडरच्या त्याच १९१५च्या लेखात जन्मलेल्या दुसऱ्या एका नावाशी आहे: 'पायरस ब्रेटश्नायडरी'. हे नाव केवळ ओळख सांगत नाही, कूळ सांगतं. आणि ते कूळ बहुधा खोटं आहे.

पुढे जाण्याआधी शब्दांचा एक घोळ निस्तरतो. मराठी पाठ्यपुस्तकांत 'स्पीशीज'ला जाती म्हणतात आणि 'जीनस'ला प्रजाती. वर्तमानपत्रांनी हिंदीच्या नादाने हे उलटंपालटं करून टाकलं आहे. मी पाठ्यपुस्तकाचा अर्थ धरतो. शिवाय 'जात' या शब्दावर मराठीत जे ओझं आहे, ते मला या लेखात हवंच आहे.

मी बरीच वर्षं महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवलं. गुलाबाच्या कुळावर तास असला की फळ्यावर नासपतीच्या जाती लिहायचो. युरोपची 'कम्युनिस', जपान आणि दक्षिण चीनची 'पायरिफोलिया', उत्तर चीनची 'ब्रेटश्नायडरी', मांचुरिया आणि सैबेरियाच्या कडाक्यात तगणारी 'उस्सुरिएन्सिस', शिनजियांगची 'सिनकियांगेन्सिस', आपल्या हिमालयातली 'पाशिया'. मुलं उतरवून घ्यायची, परीक्षेत लिहायची, मी गुण द्यायचो. ही यादी मी कधी तपासली नाही. ज्या दोन-तीन पुस्तकांतून ती आली होती, त्यांनीही तपासली नसावी. आज जे लिहितोय त्यात माझ्या त्या फळ्याचीही उलटतपासणी आहे.

एमिल ब्रेटश्नायडर हा पेकिंगच्या रशियन वकिलातीतला डॉक्टर. रोगी बघून उरलेला वेळ त्याने चीनच्या वनस्पतींवर आणि जुन्या चिनी ग्रंथांवर घालवला. फार मोठा अभ्यासक, त्याच्याविषयी माझी काही तक्रार नाही. १८८०च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने पेकिंगहून बोस्टनच्या आर्नोल्ड आर्बोरेटमला बिया पाठवल्या. त्या रुजल्या, झाडं वाढली, फुलली, फळली. तीसेक वर्षांनी रेडरने ती झाडं बघून नवी जात जाहीर केली आणि बिया पाठवणाऱ्याचं नाव तिला दिलं. पुढे उत्तर चीनच्या बागांतल्या मोठ्या, फिकट सालीच्या, रसाळ, कुरकुरीत नासपतींना, ज्यांना चिनीत 'बाईली' म्हणजे पांढरी नासपती म्हणतात, तेच लेबल लागलं. 'याली', 'श्वेहुआली', 'दांगशान सूली' ही त्यांतली नावाजलेली वाणं.

बागाईतदाराला यातली गोम लगेच कळेल. नासपतीचं बी लावून आईसारखं झाड कधीच येत नाही. म्हणूनच जगभर नासपती कलमाने वाढवतात: खुंट घ्यायचा आणि त्यावर हव्या त्या झाडाचा डोळा भरायचा. बागेतली 'दांगशान सूली'ची हजार झाडं म्हणजे एकच झाड हजार ठिकाणी उभं असतं. बियांतून येतो तो मात्र दर वेळी नवा संकर. आई माहीत, बाप वाऱ्यावर, खरं तर मधमाशीवर. अशा बियांतून परक्या देशात उगवलेल्या चार झाडांवरून एक अख्खी जात ठरवणं, म्हणजे लग्नाच्या वऱ्हाडातली चार मुलं बघून गावाची वंशावळ लिहिणं. रेडर काही गबाळा माणूस नव्हता. त्याच्या काळात, त्याच्या हाताशी असलेल्या साधनांत, त्याने प्रामाणिक काम केलं. प्रश्न आपला आहे. शंभर वर्षांनंतर आपण ते नाव का वापरतो आहोत?

नासपतीचा स्वभाव समजल्याशिवाय हा प्रश्न किती गंभीर आहे ते कळणार नाही.

बहुतेक नासपती स्वतःच्या परागाने फळ धरत नाहीत. फुलाच्या स्त्रीकेसरात एक विकर असतं, एस-आरएनेज. त्याचे अनेक प्रकार आहेत: एस१, एस२, एस३ असे क्रमांक दिलेले. प्रत्येक झाडात त्यातले दोन असतात. येणाऱ्या परागाचा क्रमांक झाडाच्या दोनपैकी एका क्रमांकाशी जुळला, तर परागनलिकेची वाढ वाटेतच खुंटते, बीज धरत नाही. क्रमांक वेगळा असेल तर वाट मोकळी. आपल्याकडे हा नियम समजावून सांगायला फार कष्ट नकोत: सगोत्र विवाहाला बंदी. जपानच्या 'निजिस्सेइकी' वाणाचे क्रमांक एस२ आणि एस४. नुसती 'निजिस्सेइकी'ची बाग लावली तर माणसं शिडीवर चढून दुसऱ्या वाणाचा पराग पिसाच्या कुंच्याने फुलांवर फिरवतात, तेव्हा कुठे फळ धरतं. 'ओसा निजिस्सेइकी' हा तिचाच एक विकृत भाऊ. त्याच्यात एस४चं विकर हरवलं आहे, म्हणून तो एकट्यानेही फळतो.

आता या नियमाची दुसरी बाजू. गोत्र इतकं काटेकोर पाळणारी नासपती जात अजिबात मानत नाही. पायरस प्रजातीतल्या झाडांची गुणसूत्रं साधारणपणे ३४च असतात आणि एका 'जाती'ची फुलं दुसऱ्या 'जाती'च्या परागाने सहज फळतात. जपानी युरोपीयशी, चिनी मांचुरियनशी, बागेतली रानटीशी. मधमाशी पोचली, मोहोर एका वेळी आला आणि गोत्र वेगळं निघालं की झालं. जातीची पाठ्यपुस्तकी व्याख्या म्हणजे 'ज्यांचा आपापसात संकर होतो आणि परक्यांशी होत नाही तो गट'. या व्याख्येला नासपती पहिल्याच पावलावर ठेचकाळते. कैक हजार वर्षं माणूस या झाडांची फळं खातोय, बिया टाकतोय, कलमं घेऊन प्रवास करतोय. त्या सगळ्या काळात प्रत्येक बी संकरित. या पार्श्वभूमीवर 'शुद्ध ब्रेटश्नायडरी' म्हणजे काय, याचं उत्तर मला कुणी तरी द्यावं.

तज्ज्ञांचं आपसातही एकमत नव्हतं. रेडरला पांढरी नासपती स्वतंत्र जात वाटली. १९४०च्या दशकात जपानचा अकिओ किकुची म्हणाला, ही तर उस्सुरिएन्सिसची एक शाखा. पुढे चेजियांग विद्यापीठाच्या युआनवेन तेंग यांनी आणि त्यांच्या जपानी सहकाऱ्यांनी पूर्व आशियातल्या नासपतींच्या डीएनएची तुलना करून २००२ साली दाखवलं, की चीनची पांढरी नासपती, चीनची वाळूनासपती (गरात खडे लागतात म्हणून वाळू) आणि जपानची नासपती एकमेकींत गुंतलेल्या आहेत. त्यांना तीन जातींत तोडायला आधार नाही. तेंग यांचा प्रस्ताव साधा आहे: पांढऱ्या नासपतीला 'पायरस पायरिफोलिया, पांढरी नासपती गट' म्हणा. लागवडीच्या वनस्पतींसाठी वेगळी आंतरराष्ट्रीय नामकरण संहिता आहे, तिच्यात 'गट' ही सोय याचसाठी ठेवलेली आहे. गट म्हणजे एकमेकांसारखी वाणं. त्याने पूर्वजांबद्दल कुठलीही शपथ घ्यावी लागत नाही.

म्हणजे प्रश्न सुटायला हवा होता. सुटला नाही. २०१३ साली 'दांगशान सूली'चा जीनोम प्रसिद्ध झाला. नानजिंग कृषी विद्यापीठाच्या नेतृत्वाखालचं हे काम खरोखर थोर आहे: ५१ कोटी २० लाख अक्षरांची जुळणी आणि ४२,८१२ जनुकांची नोंद. नासपतीचा हा पहिला जीनोम. आणि शीर्षकात नाव कुठलं? 'पायरस ब्रेटश्नायडरी'. अक्षर न् अक्षर वाचलेल्या डीएनएच्या डब्यावर चिठ्ठी चिकटवली ती बोस्टनमध्ये बियांतून उगवलेल्या झाडांची. त्यानंतर जगात कुणीही नासपतीच्या एखाद्या जनुकावर काम करायला बसलं की संदर्भ याच जीनोमचा घेणार, नाव याच चिठ्ठीवरचं उतरवणार. अशी शेकडो लेखांत चिठ्ठीची नक्कल होते. माझ्या फळ्यावर जे झालं तेच, फक्त फळा जगाएवढा.

'नावात काय आहे' असं म्हणणाऱ्यांना मी एक उदाहरण देतो. चीनमध्ये 'हुआंगग्वान' नावाचं एक यशस्वी वाण आहे. 'श्वेहुआ' ही पांढरी नासपती आणि 'शिनसेइकी' ही जपानी नासपती यांच्या संकरातून ते आलं. चिठ्ठी खरी मानली तर हा दोन जातींमधला संकर, दूरचं सोयरं, खूप नवं रक्त. चिठ्ठी खोटी मानली तर एकाच मोठ्या खटल्यातलं चुलत-मावस लग्न. पैदासकाराने पुढच्या पन्नास वर्षांचा बेत पहिल्या समजुतीवर आखला, तर आपल्याकडे विविधता भरपूर आहे असं त्याला वाटत राहील आणि कुठला तरी नवा रोग येईपर्यंत ती समजूत तशीच राहील. जनुकपेढीचंही तसंच. पेढीत 'चार जाती' जपल्या आहेत असं नोंदवहीत लिहिलं असेल, तर पाचवी आणायला पैसे कोण देणार?

डीएनएवर भाबडा विश्वास ठेवणाऱ्यांशीही मला बोलायचं आहे, कारण ते माझ्या बाजूचे आहेत असं त्यांना वाटतं. डीएनए खोटं बोलत नाही हे खरं. पण तो आपण होऊन बोलतही नाही. 'ही ब्रेटश्नायडरीची वीस झाडं आणि ही पायरिफोलियाची वीस' अशी चिठ्ठी लावून नमुने यंत्रात घातले, की उत्तरही त्याच दोन रकान्यांत शोधलं जातं. नमुन्यांत थोडाबहुत फरक निघतोच, कारण उत्तर चीनच्या बागाईतदारांनी शेकडो वर्षं आपापसांत कलमं फिरवली, दक्षिणेतल्यांनी आपापसांत. तो फरक दाखवून 'पाहा, जाती वेगळ्या' असं म्हटलं जातं. चित्पावन आणि देशस्थ यांच्या रक्तात चार अक्षरं वेगळी निघाली म्हणून ते दोन जीवशास्त्रीय जातींचे ठरत नाहीत, एवढं तरी आपल्याला मान्य असायला हरकत नाही.

डीएनएने जिथे खरंच चमत्कार केला, ती जागा वेगळी आहे, आणि ती मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत बोलकी वाटते. 'नीताका' हे जपानी वाण. १९१५ साली संकर झाला, १९२७ साली नाव मिळालं. करणारा कोण? तोच अकिओ किकुची, नासपतींचं वर्गीकरण लिहिणारा. नोंदीप्रमाणे आई 'अमानोगावा', बाप 'इमामुराआकी'. नावाची एक प्रचलित व्युत्पत्तीही तशीच सांगतात: 'अमानोगावा' नीगाताची म्हणून 'नी', 'इमामुराआकी' कोचीची म्हणून 'ताका', कारण कोची लिहिताना जे पहिलं चिन्ह येतं त्याचा 'ताका' असाही उच्चार होतो. म्हणजे आईबापांची गावं नावातच गुंफलेली. पुढे गोत्र तपासलं. 'अमानोगावा' एस१-एस९, 'इमामुराआकी' एस१-एस६. आणि 'नीताका' निघाली एस३-एस९. एस९ आईकडून आला, मग एस३ कुठून? नोंदवहीतल्या बापाकडे तो नाहीच. तो आहे 'चोजुरो'कडे, एस२-एस३, आणि ते वाण कानागावाचं. कोचीचा या बाळंतपणाशी संबंध नाही, नावात मात्र कोची कायम आहे.

'होसुई' या आज जपानभर लावल्या जाणाऱ्या वाणाची गतही हीच. शासकीय संशोधन केंद्रात तयार झालेलं, १९७२ साली नाव मिळालेलं. नोंदवहीतले आईबाप तीसेक वर्षांनी डीएनएने खोटे ठरवले आणि आई म्हणून 'कोसुई'चं नाव लागलं. हे सगळं घडलं शिस्तीसाठी नावाजलेल्या देशात, पिशव्या बांधून, चिठ्ठ्या लावून, तारीखवार नोंदी ठेवून केलेल्या कामात, विसाव्या शतकात. परागाची कुपी बदलली असेल, फांदीवरची चिठ्ठी उडाली असेल. मी यात कुणाला दोष देत नाही. मी एवढंच विचारतो की ज्यांना पन्नास वर्षांपूर्वीचा बाप नीट नोंदवता आला नाही, त्यांनी तीन हजार वर्षांपूर्वीचं मूळ 'आमच्याच' मातीत होतं असं कुठल्या तोंडाने सांगायचं?

कारण सांगितलं तेच जातं. जपानच्या 'निहोन शोकी' या इतिहासग्रंथात सम्राज्ञी जितोने इ.स. ६९३ मध्ये तुती, चेस्टनट यांच्याबरोबर नासपती लावण्याचं फर्मान काढल्याची नोंद आहे. ती पुढे करून नासपती आमची असं म्हणता येतं. पण जपानमधली पायरिफोलियाची झाडं प्रागैतिहासिक काळात माणसाबरोबर तिथे आली असावीत, असं जपानी संशोधकच म्हणतात. कोरियातल्या बागांत सर्वांत जास्त लावलेलं वाण 'सिंगो', सणाला भेट द्यायची ती भलीमोठी सोनेरी नासपती. 'सिंगो' म्हणजे 'नीताका'च. तीच दोन चिन्हं कोरियन उच्चाराने वाचलेली. वसाहतीच्या काळात आलेलं फळ आज कोरियन नासपती म्हणून जगभर विकलं जातं आणि माझी त्याला हरकत नाही. फळ ज्याने वाढवलं, त्याचं. हरकत आहे ती या व्यवहारी मालकीला जीवशास्त्राचा मुलामा देण्याला.

चीनचं पारडं यात जड आहे हे मान्य केलं पाहिजे. २०१८ साली ११३ नासपतींच्या जीनोमची तुलना प्रसिद्ध झाली. तीनुसार पायरस प्रजातीचा उगम आजच्या चीनच्या भूभागात झाला असावा, तिथून ती मध्य आणि पश्चिम आशियामार्गे युरोपात गेली आणि आशियाई व युरोपीय शाखा ३३ ते ६६ लाख वर्षांपूर्वी अलग झाल्या. दोन्हीकडे माणसाने तिला स्वतंत्रपणे माणसाळवलं. मला हा निष्कर्ष पटतो. पण ३३ लाख वर्षांपूर्वी चीन नव्हता, माणूसही नव्हता. त्या आकड्यावर आजच्या कुठल्याही देशाचा झेंडा लावणं हास्यास्पद आहे.

आणि दोन शाखा अलग होऊनही त्यांनी एकमेकींना सोडलं नाहीच. शिनजियांगच्या कोरला शहराची सुगंधी नासपती चीनमध्ये अतिशय प्रसिद्ध आहे. १९६३ साली तिच्या गोतावळ्याला 'पायरस सिनकियांगेन्सिस' अशी स्वतंत्र जात बहाल झाली. डीएनएत दिसतं ते असं, की त्यात पूर्वेची आणि पश्चिमेची, दोन्ही नासपतींची सरमिसळ आहे. रेशीममार्गावर दोन्ही दिशांनी तांडे येत-जात होते, त्यांचं हे फळ. सरायीत झालेल्या ओळखीतून जन्मलेल्या लेकराला आपण वेगळी जात देऊन मोकळे झालो.

आपल्याकडची कथा तर याहून सुरस. ह्युएनत्संग सातव्या शतकात पंजाबात चीनभुक्ती नावाच्या प्रदेशात आला. त्याने लिहून ठेवलंय की कनिष्काच्या काळी ओलीस म्हणून आलेले चिनी लोक तिथे राहत, त्यांनी पीच आणि नासपती लावली, त्याआधी हिंदुस्थानात ही फळं नव्हती. म्हणून इथले लोक पीचला 'चीनानी' आणि नासपतीला 'चीनराजपुत्र' म्हणतात. काय देखणं नाव आहे! आज पंजाबात 'पत्थरनाख' नावाची कडक नासपती होते, ती पायरिफोलियाच. दोन टोकं जुळवून 'हीच ती राजपुत्राची नासपती' म्हणण्याचा मोह अनावर होतो, आणि मी वर्गात तो कधीच आवरला नाही. पण मधल्या काळाचा पुरावा म्हणून माझ्याकडे गोष्टीपलीकडे काही नव्हतं. शिवाय 'आधी नव्हती' हे ह्युएनत्संगाचं म्हणणंही सैलच. हिमालयात पायरस पाशिया, म्हणजे कुमाऊं-गढवालचा मेहल, हिमाचलातला कैंथ, माणसाच्या मदतीवाचून उभा होताच. चरकसंहितेत 'टंक' नावाचं फळ येतं, ते अभ्यासक नासपती मानतात, आणि काश्मिरीत नासपतीला आजही 'टंग' म्हणतात. काश्मीरच्या बागांतल्या नासपती मुख्यतः पश्चिमेच्या शाखेतल्या, पंजाबातली पत्थरनाख पूर्वेच्या, आणि दोन्हींच्या मध्ये डोंगरात रानटी मेहल. यातली कोणती 'भारतीय'?

इथवर वाचून कुणी म्हणेल, ठीक आहे, सगळंच सरमिसळ आहे, मग जात हा शब्दच टाकून द्या. नाही. हा माझ्या म्हणण्याचा सोयीस्कर विपर्यास झाला. बागेतल्या नासपतींना जात नाही असं मी म्हणतो, ते रानातल्या नासपतींना ती आहे म्हणूनच. आणि बागेतल्या खोट्या जाती मोजत बसल्यामुळे रानातल्या खऱ्या जातींकडे दुर्लक्ष होतं.

ईशान्य जपानच्या तोहोकू भागात 'इवातेयामानाशी' नावाची रानटी नासपती आहे, उस्सुरिएन्सिसच्या घराण्यातली. कातायामा, इकेतानी आदी संशोधकांनी तिथली झाडं तपासली, तेव्हा रानटी समजल्या गेलेल्या कितीतरी झाडांत माणसाने आणलेल्या पायरिफोलियाचं रक्त निघालं. मूळची वाटावीत अशी झाडं किताकामी डोंगररांगेत मोजकी उरली आहेत. नकाशावर आणि नोंदवहीत ती जात अजून 'सर्वत्र आढळते'. प्रत्यक्षात ती परागाच्या एकेका कणाने विरघळत चालली आहे. कुणी तोडत नाही, जाळत नाही, त्यामुळे बातमीही होत नाही. मेहलच्या बाबतीत मला हीच धास्ती आहे. डोंगरात त्याच्या रोपांचा खुंट करून त्यावर बागेतल्या नासपतीचे डोळे भरतात. म्हणजे उतारावर मेहल आणि बागेची नासपती शेजारी शेजारी फुलतात, आणि गोत्र वेगळं असलं की पुढे काय होतं ते वर सांगितलंच आहे.

उलट दिशेची गोष्ट अमेरिकेत घडली. चीनच्या 'पायरस कॅलेरियाना' या चिमुकल्या फळांच्या रानटी नासपतीच्या बिया विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत नेल्या, करपा रोगाला दाद न देणारा खुंट हवा म्हणून. त्यातल्या एका देखण्या झाडाची कलमं १९६३ पासून 'ब्रॅडफर्ड' नावाने शोभेसाठी विकायला लागले. झाड वांझ आहे, फळ धरत नाही, असा बोलबाला. वांझ कसलं! एकाच झाडाची कलमं, सगळी सगोत्र, म्हणून फळ धरत नव्हतं. मग रोपवाटिकांनी कॅलेरियानाची दुसरी वाणं आणली, कुठे कलमाखालचा खुंटच फुटून फुलू लागला, गोत्र वेगळं झालं आणि पक्ष्यांनी बिया शेतोशेती नेल्या. आता रस्त्याकडेला, पडीक रानात काटेरी झुडपांची जाळी माजली आहे आणि ओहायो, पेनसिल्व्हेनिया, साउथ कॅरोलायना या राज्यांनी झाडाच्या विक्रीवर बंदी घातली आहे. वाण म्हणजे काय आणि जात म्हणजे काय यातला फरक विकणाऱ्यांना कळला असता, तर निदान 'वांझ' हा शब्द तरी कुणी वापरला नसता.

ब्रेटश्नायडरी नावाच्या समर्थकांचा एकच मुद्दा मला वजनदार वाटतो. शंभर वर्षांचं साहित्य त्या नावाखाली आहे. नाव बदललं तर जुनं सापडणार नाही, नव्या विद्यार्थ्याचा गोंधळ उडेल. चिनी वनस्पतिकोशही ते नाव जात म्हणूनच देतो. पण बुर्मानचा उंबर नासपतीत आणताना, सेरोटिना बाद करताना, हीच अडचण होती आणि ती पार पडली. जुनं नाव समानार्थी म्हणून कंसात राहू द्या, संगणकाला शोधायला तेवढं पुरतं. बाकी जीनोमच्या माहितीकोशात, पेढ्यांच्या नोंदवहीत, नियतकालिकांच्या शीर्षकात 'दांगशान सूली' हे वाणाचं नाव आधी लिहावं, गट त्यानंतर, आणि जात लिहायचीच असेल तर ती कशाच्या आधारे लिहिली ते सांगावं. संपादकांना हे एका ओळीच्या नियमाने करता येईल. त्यांनी अजून का केलं नाही, याचं एकच कारण मला सुचतं. प्रत्येकाने आपल्या आधीच्या फळ्यावरून उतरवून घेतलं आहे.

माझ्या जुन्या टिपणवह्या अजून घरात आहेत. गुलाबाच्या कुळाच्या पानावर नासपतीच्या सहा जातींची ती यादी शाईने लिहिलेली आहे. मी तिच्यातल्या दोन नावांवर काट मारली आहे. पाशियापुढे पेन्सिलीने लिहिलं आहे: झाड कुठलं, बी कुणी, कधी घेतलं, आजूबाजूला बाग किती अंतरावर.